गटात नवा माणूस आला की पहिले उत्तर काय द्यावे?

कुळागर (धागाकर्ती)

नमस्कार. मी गोव्यात, फोंडा तालुक्यात राहते. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी टाइप १ मधुमेह असल्याचे कळले. आता तो पंधरा वर्षांचा आहे. अशाच मुलांच्या पालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतची सुमारे दीडशे घरे आहेत आणि गेली पाच वर्षे तो सांभाळणाऱ्या तिघींपैकी मी एक आहे.

गेल्या आठवड्यात बार्देशातील एक आई गटात आली. मुलगा आठ वर्षांचा, इस्पितळातून आदल्याच दिवशी घरी आणलेला. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिने लिहिले, "पोळी किती द्यायची?" एवढेच. मी चहाचे आधण ठेवता ठेवता फोन पाहिला आणि उत्तर दिले, "हा प्रश्न अनेकदा विचारून झाला आहे. वर चिकटवलेली माहिती आधी वाचावी." शब्द सभ्य होते, आणि ती चौतीस पानांची माहितीपुस्तिका आम्हीच कष्टाने जमवलेली आहे, त्यामुळे त्या क्षणी मला त्यात काही वावगे वाटले नाही. तिने "बरे. माफ करा." असे लिहिले आणि संध्याकाळी पाहिले तर ती गटातून बाहेर पडलेली होती.

त्यानंतर मी माझेच वाक्य कितीतरी वेळा वाचले. नऊ वर्षांपूर्वी मी अशाच एका ठिकाणी घाबरत घाबरत प्रश्न विचारला होता, तेव्हा कुणीतरी उत्तर देण्याआधी "मुलगा जेवला का?" असे विचारले होते. माझा मूळ प्रश्न काय होता ते मी साफ विसरले आहे, पण ते "जेवला का?" अजून आठवते.

आजारी माणसे आणि त्यांचे नातेवाईक जिथे एकमेकांना आधार देतात, तिथे नव्याने आलेल्याशी कसे बोलावे, याबद्दल तुमचा अनुभव ऐकायला आवडेल. आणि त्या आईशी आता पुन्हा संपर्क साधावा की तिला तिच्या मनाप्रमाणे राहू द्यावे, हेही मला ठरवता येत नाही.

सुरंगी

"माफ करा" असे तिला लिहावे लागले, तेच मला बोचले. लेकराला काय खाऊ घालावे हे विचारल्याबद्दल आईने कुणाची माफी मागायची?

डिचोलीकर

मी थोडे वेगळे मत मांडतो, राग नसावा. माझे वडील तीन वर्षे डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीन दिवस आणि दर वेळी चार तास. त्या काळात मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या गटात मी रोज असे. असे गट चालवणारी माणसे पगारी नसतात, त्यांच्याही घरी रुग्ण असतो, तीही रात्री जागलेली असतात. एकच प्रश्न शंभराव्यांदा आला की उत्तर कोरडे होते, आणि त्या कोरडेपणाला दुष्टपणा म्हणणे हा जुन्या माणसांवर अन्याय आहे.

दुसरे असे की, गोड बोलणे आणि भले करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आमच्या गटात एक नवीन गृहस्थ आले. पत्नीला डायलिसिसनंतर फार थकवा येतो, तर रोज एक शहाळे द्यावे का, असे त्यांनी विचारले. चार जणांनी अतिशय प्रेमाने "जरूर द्या, ताकद येते" असे लिहिले. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात ते वाढले तर हृदय बंद पडू शकते. त्याच्याच खाली एका बाईंनी परसातल्या करंबळांचा रस सुचवला. करंबळ म्हणजे आडवे कापले की चांदणीसारख्या चकत्या पडतात ते आंबटगोड फळ. निरोगी माणसाने ते खुशाल खावे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र त्यातील विषारी द्रव्यामुळे न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, आणि माणसे दगावल्याचीही उदाहरणे आहेत. मी तिथल्या तिथे सगळ्यांना खडसावले. ते गृहस्थ पुढे माझ्याशी कधी बोलले नाहीत. मला त्याचे दुःख नाही, शहाळे बंद झाले.

तेव्हा कुळागरताई, तुम्ही त्या आईला तपासलेल्या माहितीकडे पाठवलेत. स्वतःला इतके टोचून घ्यावे असे तुमच्या हातून काहीही झालेले नाही.

माणकुराद

आमच्या पाठदुखीच्या गटात नव्याशी कुणीही कठोर बोलत नाही, कारण नव्याचा प्रश्न कुणाला दिसतच नाही. सकाळी सहा ते आठ या वेळात तिथे गुलाब, उगवता सूर्य आणि वाफाळता चहा यांचा वर्षाव सुरू असतो. मी पहिल्या दिवशी "मणक्याची चकती सरकली आहे, दोन मिनिटेही बसता येत नाही" असे लिहिले. त्याला पहिले उत्तर आले ते दोन जोडलेले हात आणि "आजचा सुविचार: जो बसून राहिला, तो संपला." मला बसताच येत नव्हते, म्हणून अजून आहे.

अबोली

माणकुराद यांच्यामुळे हसले, पण नव्या माणसावर शब्दांचा वर्षाव करण्याबद्दल मला गंभीरपणे काही सांगायचे आहे.

मी स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून गेलेली आहे. पहिल्या केमोच्या आदल्या संध्याकाळी मी एका गटात विचारले, "केस नक्की कधी जातात?" तासाभरात एकेचाळीस उत्तरे आली. सगळी मायेने लिहिलेली होती. कुणी आपल्या जावेची हकिगत सांगितली, कुणी विगाच्या दुकानाचा पत्ता दिला, कुणी देवाचे नाव घ्यायला सांगितले, आणि एकीने आपल्या मावशीची संपूर्ण कहाणी लिहिली, जिच्या शेवटी मावशी वारल्या. मी एकटी नाही हे मला कळावे, हाच तिचा हेतू असणार. त्या रात्री मला त्या न पाहिलेल्या मावशीचे स्वप्न पडले.

रात्री उशिरा एका बाईंनी मला वेगळा निरोप पाठवला. तो मी अजून जपून ठेवला आहे. "साधारण दुसऱ्या ते तिसऱ्या आठवड्यात जातात. माझे अठराव्या दिवशी गेले. आधी उशीवर दिसतात. उशीवर जुन्या साडीचे सुती कापड पसरून ठेवा, म्हणजे सकाळी चारी टोके उचलून बाहेर झटकता येते आणि एकेक केस वेचत बसावे लागत नाही. आता झोपा." माझे केस सोळाव्या दिवशी जायला लागले. मी आईच्या व्हॉइलच्या साडीचा तुकडा अंथरला होता. चारी टोके उचलली, मागच्या दारी गेले, झटकले, आत येऊन चहा ठेवला. रडले नाही असे नाही, पण त्या सकाळी हातांना करायला एक काम होते.

म्हणून डिचोलीकर यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. मला नेमकी माहितीच हवी होती. मात्र ती मला कुणीतरी माझ्यासाठी लिहून दिलेली हवी होती. चौतीस पानांत ती शोधण्याइतके बळ त्या रात्री माझ्यात नव्हते.

अर्धा_कप

माझा आजार वेगळा आहे, म्हणून नेहमीच्या नावाने लिहीत नाही. गेली अकरा वर्षे मी दारूचा थेंबही घेतलेला नाही.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांच्या भेटीतून उभी राहिली. त्यांतील एकाने दुसऱ्याला उपदेश केला नाही, स्वतःची हकिगत सांगितली. आजही बैठकीत तीच रीत चालते. आपण "मी"पासून बोलायचे. "तुम्ही असे करायला हवे" हे वाक्य तिथे शोभत नाही. सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा असावी, एवढी एकच अट आहे. फी नाही, आणि आधी काही वाचून येण्याची सक्ती तर नाहीच.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मडगावात एका शाळेच्या वर्गात बैठक होती. चौथी-पाचवीच्या मुलांच्या बाकावर कसाबसा मावून बसलो होतो. हात इतके कापत होते की ते मी मांड्यांखाली दाबून ठेवले होते. एक वयस्कर गृहस्थ किटलीतून चहा वाटत होते. सगळ्यांचे कप त्यांनी काठोकाठ भरले आणि मला अर्धाच दिला. मला संताप आला. घरी, नाक्यावर, कचेरीत सगळीकडे माझी किंमत अर्ध्यावर आलेली होतीच, आता इथेही? परत कधी यायचे नाही, असे ठरवूनच मी बाहेर पडलो. घरी आल्यावर बायकोने शर्टाकडे पाहिले आणि विचारले, "आज चहा कुठे सांडला नाही वाटते?" तेव्हा मला त्या अर्ध्या कपाचा अर्थ लागला, आणि पुढच्या आठवड्यात मी परत गेलो. चौथ्या महिन्यात त्यांनी माझा कप पूर्ण भरला आणि काही न बोलता पुढच्या माणसाकडे गेले.

हल्ली चहा मी वाटतो.

डिचोलीकर, शहाळ्याचा आणि करंबळाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. अशा वेळी गप्प बसणे हा गुन्हाच ठरला असता. एकच विचारतो. तुम्ही खडसावले ते नेमके कुणाला? चुकीचा सल्ला देणारे पाच जण वेगळे होते. ते गृहस्थ तर फक्त विचारत होते, आणि विचारले म्हणूनच शहाळे टळले ना?

डिचोलीकर

माझ्या मनात ते पाच जणच होते. तरीही मी "सगळ्यांना" लिहिले होते हे खरे आहे, आणि ते गृहस्थ त्या सगळ्यांत आले. अर्धा कप मान्य करतो.

तिसवाडीकर

या विषयावर गोव्यातच झालेले एक काम सांगण्यासारखे आहे. संगाथ ही संस्था इथे १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी "मानस" नावाच्या प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्र न शिकलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण दिले आणि नैराश्य व चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांशी बोलण्याचे, त्यांना समजावून सांगण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झालेला दिसला. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. या दुसऱ्या निष्कर्षाचा उल्लेख लोक सहसा टाळतात, म्हणून मुद्दाम करतो.

मी यातून एवढेच घेतो की समोरच्याचे ऐकून घेणे हे शिकता येण्याजोगे कौशल्य आहे. "माझा स्वभावच तुटक आहे" ही सबब गट चालवणाऱ्याने सांगू नये.

डिचोलीकर

शिकता येते हे खरे, पण त्या समुपदेशकांना प्रशिक्षण होते, त्यांच्यावर अनुभवी माणसांची देखरेख होती आणि ते त्यांचे काम होते. कुळागरताई सकाळी सहा वाजता चहा ठेवत होत्या. दोन्ही माणसांकडून एकच अपेक्षा ठेवणे मला पटत नाही.

अबोली

निदान एवढे करता येईल की जो चहा ठेवतो आहे, त्याने उत्तर न देता अर्धा तास थांबावे. गटात दीडशे घरे आहेत, कुणीतरी चहा पिऊन झालेला असेलच.

झुआरीकाठ

भाषेचा मुद्दा अजून कुणी काढलेला नाही. मी कुठ्ठाळीजवळ राहतो आणि माझ्या बहिणीमुळे अपस्माराच्या रुग्णांच्या एका गटात आहे. तिथे एक मुलगी रोमी, म्हणजे रोमन लिपीतील कोकणीत लिहीत असे. गटातील प्रत्येकाला कोकणी बोलता येते, पण लिहितात सगळे मराठीत, आणि रोमी वाचायचा कंटाळा करतात. तिच्या पहिल्या प्रश्नाला दोन दिवस कुणी उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी एका सज्जनांनी "कृपया मराठीत लिहावे, सर्वांना सोयीचे होईल" असे सुचवले. त्या सर्वांत ती धरलेली नव्हती, कारण तिला देवनागरी वाचता येत नव्हती. शेवटी माझ्या बहिणीने तिला तोंडी निरोप रेकॉर्ड करून पाठवला. सुरुवातच "भियेव नाका" (घाबरू नका) अशी होती. आता गटात कुणी रोमीत लिहिले की आम्ही आवाजानेच उत्तर देतो आणि काम भागते.

हे लिहिताना एक शंका मनात आली. कुळागरताई, त्या आईने "पोळी" असे लिहिले, ती कोणती पोळी? बार्देशात सकाळचे सहा दहा म्हणजे पोदेराचा, सायकलवरून दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजण्याची वेळ. तुमच्या पुस्तिकेतील पोळी तव्यावरची असणार. ती पोदेराच्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या पावासारख्या पोळीबद्दल विचारत नव्हती कशावरून?

माणकुराद

अत्यंत मार्मिक शंका. गोव्यात तव्यावरची पोळी वेगळी, पोदेराची पोळी वेगळी, सकाळच्या न्याहारीचे पोळे आणखी वेगळे, आणि काणकोणात तर पोळे नावाचे गावही आहे. "पोळ्याला किती जायचे?" असे विचारले असते तर एस.टी.चे वेळापत्रक मिळाले असते.

कुळागर

झुआरीकाठ यांची शंका वाचून मी पुस्तिका उघडली. पान अकरा: "एक मध्यम पोळी, १५ ग्रॅम कर्बोदके." हा तक्ता आम्ही पुण्यातील एका पालकाने पाठवलेल्या कागदावरून जसाच्या तसा उतरवून घेतला होता. पोदेराच्या पोळीचा उल्लेख चौतीस पानांत कुठेही नाही. उंडा, काकण या पोदेराच्या इतर पावांचा नाही, उकड्या तांदळाच्या पेजेचाही नाही. पाच वर्षांत हे आम्हा तिघींपैकी एकीच्याही लक्षात आले नाही, कारण आम्ही जुन्या झालो, आम्हाला अंदाजाने कळते.

म्हणजे मी तिला जिथे पाठवले, तिथे तिच्या प्रश्नाचे उत्तरच नव्हते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि बराच काळ मुलांच्या विभागात काम केले आहे. नव्याने येणारे पालक तुमच्यापर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचतात, ते आमच्या बाजूने सांगते.

मुलाला घरी सोडायच्या दिवशी आईला तासाभरात वीसेक गोष्टी सांगितल्या जातात. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. सुई टोचण्याची जागा बदलत राहायची. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे पाण्यात विरघळवून द्यायचे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. आई प्रत्येक वाक्याला मान डोलावते. मी मुद्दाम दारापर्यंत सोबत जाऊन एखादी गोष्ट परत विचारते, तेव्हा निम्मे पुसलेले असते. त्या वेळी तिच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत असतो: हे माझ्यामुळे झाले का? आजी म्हणालेली असते की चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, फार दिल्या. टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, त्यात आईचा दोष नाही. हे वाक्य तिने विचारलेले नसले तरी पहिल्या चार उत्तरांत कुठेतरी यायला हवे.

"काळजी करू नका" हे मात्र लिहू नये. पहाटे तीन वाजता उठून मुलाचे बोट टोचायचे असते, तिथे काळजी करणे हेच तिचे काम आहे.

डिचोलीकर यांच्या मुद्द्याला धरून आणखी एक. कधी कधी कुणी विचारते की अमुक ठिकाणचा काढा सुरू केला तर इन्सुलिन बंद करता येईल का. तिथे आढेवेढे घेऊ नयेत. "इन्सुलिन एक दिवसही थांबवू नका, उलट्या होत असतील, पोट दुखत असेल, श्वास जोरजोरात चालत असेल तर आत्ता इस्पितळात न्या," एवढे स्पष्ट लिहावे. या वाक्यात दया कमी नाही. पण त्यालाच "शिकलेली माणसे असून असल्या भोंदूंच्या नादी लागता?" असे शेपूट जोडले, की ती आई पुढच्या वेळी विचारायला येत नाही आणि काढा गुपचूप देते. असे मूल शुद्ध हरपलेल्या अवस्थेत आणलेले मी पाहिले आहे. आईने कुठेतरी आधी विचारले होते आणि तिचे हसे झाले होते.

संपर्काबद्दल: ती आपणहून बाहेर पडली आहे, म्हणून थेट फोन करू नका. जिने तिला गटात आणले तिच्याकरवी एकच निरोप पाठवा, आणि उत्तर आले नाही तर तिथेच थांबा.

कुळागर

आभारी आहे. निरोपाचा मसुदा असा केला आहे, कृपया पाहावा:

"नमस्कार. त्या दिवशी मी घाईत उत्तर दिले, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. आमचा गट आपल्यासारख्या पालकांसाठीच आहे. आमच्या पुस्तिकेत त्रुटी होती, ती आम्ही लवकरच दुरुस्त करीत आहोत. आपण गटात परत यावे, ही आग्रहाची विनंती."

अर्धा_कप

यात मी, आमचा, आमची आणि आम्ही आहे. मुलगा कुठे आहे?

सुरंगी

शिवाय आता तुमची दिलगिरी स्वीकारायची आणि गटात परतायचे, अशी दोन कामे त्या बाईच्या माथी पडली. तिच्याकडे आधीच पुरेशी कामे आहेत.

झुआरीकाठ

माझ्या मते सरळ विचारावे: "मुलगा कसा आहे? तुम्ही विचारली ती पोळी पोदेराची की घरची?" बाकीचे सगळे नंतर.

तिसवाडीकर

"तेव्हा नीट विचारले नाही, चूक माझी" एवढे शेवटी जोडावे असे मला वाटते. माफी अगदीच गाळली तर ती आपलीच चूक झाली असे समजत राहील.

कुळागर

तिसवाडीकर यांची दुरुस्ती धरून झुआरीकाठ यांचा निरोप पाठवला आहे.

कुळागर

चार दिवस मजकूर लिहिता आला नाही, क्षमस्व. तिचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले होते, पण ते पचवायला मला वेळ लागला.

पोळी पोदेराचीच होती. त्या सकाळी तिने ठरलेल्या वेळी इन्सुलिनची सुई देऊन टाकली होती. इस्पितळातून मिळालेल्या कागदावर "पोळी १" असे लिहिलेले होते. तेवढ्यात पोदेर आला, मुलाने नेहमीप्रमाणे पोळी घेतली आणि उंबऱ्यावर बसून ती हातात धरून "खाऊ का?" असे विचारू लागला. कागदावरची पोळी आणि हातातली पोळी एकच की नाही, या शंकेने तिने गटात प्रश्न टाकला. माझे उत्तर आल्यावर तिने खरोखरच पुस्तिका उघडली आणि वाचायला घेतली. मुलगा पोळी हातात धरून वाट पाहत होता. अकराव्या पानावरचा आकडा वाचून तिला वाटले की हातातली पोळी जास्त होईल, म्हणून तिने अर्धीच दिली. दिलेल्या इन्सुलिनच्या मानाने खाणे कमी पडले. साडेआठच्या सुमारास त्याला घाम सुटला, तपासले तर साखर ६१. तिने तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासले, मग उरलेली अर्धी पोळी दिली.

यांतले काहीही तिने तक्रार म्हणून सांगितलेले नाही. ती एवढेच विचारत होती की तीन चमचे बरोबर होते का.

बरोबर होते, असे मी तिला लिहिले.

रात्रपाळी

अगदी बरोबर होते. तिला सांगा की पहिल्याच खेपेला इतक्या शांतपणे हे करणारे पालक मी फार थोडे पाहिले आहेत.

अबोली

ती परत गटात आली का, हे विचारायचा मोह होतो आहे, पण विचारत नाही.

डिचोलीकर

पुस्तिका दुरुस्त करायची असेल तर वजने मी करून देतो. वडिलांचे जेवण मोजून द्यावे लागे, त्यासाठी घेतलेला काटा अजून स्वयंपाकघरात आहे. गेल्या वर्षी ते गेल्यापासून तो वापरलेला नाही. आमच्याकडे येणाऱ्या पोदेराकडून पोळी, उंडा, पाव आणि काकण प्रत्येकी पाच घेतो.

रात्रपाळी

उत्तम. पावाच्या वजनाच्या साधारण निम्मे कर्बोदक असते, असा ढोबळ हिशेब धरता येतो. तरी छापण्याआधी आकडे आहारतज्ज्ञांना दाखवावेत, आणि पोदेरागणिक आकार बदलतो हेही पानावर लिहावे.

माणकुराद

वीस नग होतात. मोजून झाल्यावर त्यांचे काय करणार, हा प्रश्न मी नवीन सदस्य म्हणून नम्रपणे विचारतो. कृपया वर चिकटवलेली माहिती वाचायला सांगू नये.

डिचोलीकर

आज सकाळी पोळ्यांपासून सुरुवात केली. पाच पोळ्या: ७१, ६८, ७६, ७०, ७९ ग्रॅम. अंगणातच काटा मांडला होता, त्यामुळे पोदेराने सायकल थांबवून हे कशासाठी असे विचारले. सांगितले. त्याने टोपलीतून सहावी पोळी काढून दिली आणि तिचे पैसे घ्यायला तयार झाला नाही. ती ८४ ग्रॅम भरली, म्हणून सरासरीत धरलेली नाही.